न सांगितलेला शेवट

रहस्यकथेचा शेवट दुसऱ्याला सांगणें हें पाप आहे कीं नुसता अविवेक आहे, याचा निर्णय कोणत्याहि धर्मशास्त्रकारानें दिलेला माझ्या वाचनांत नाहीं. माझ्या मतें तें पापच होय, आणि तेंहि साधेंसुधें नव्हे. चोरानें नेलेली वस्तु परत मिळण्याची थोडीतरी आशा असते. रहस्याचा चोर जें नेतो तें त्याला स्वतःलाहि परत करतां येत नाहीं. एखादी गोष्ट पहिल्यानें पाहण्याचा आनंद माणसाला एकदांच मिळावयाचा. माझ्या वांट्याला असा एक आनंद सत्तरी उलटल्यावर आला, आणि तोपर्यंत तो माझ्यासाठीं कोणीं तरी जपून ठेवला होता. ती हकीकत येथें सांगावयाची आहे.

१९६४ सालची गोष्ट. पानशेतचें धरण फुटून मुठेचें पाणी पेठांत शिरलें, त्याला तीन वर्षें झालीं होतीं. शनिवार पेठेंतलें आमचें बिऱ्हाड १९६१ च्या त्या १२ जुलैला पाण्याखालीं गेलें, आणि सदाशिव पेठेंतल्या एका वाड्यांत दोन खोल्या घेऊन नानांनीं पुन्हां संसार मांडला. मी तेव्हां दहा वर्षांचा होतों. माझी बहीण, अक्का, अठरा वर्षांची होती आणि नुकतीच स. प. महाविद्यालयांत जाऊं लागली होती. त्या वर्षीं राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ लागला. ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘जगाच्या पाठीवर’ या चित्रपटांनीं राजाभाऊंचें नांव घरोघरीं प्रिय झालेलेंच होतें. पण आतां त्यांनीं रहस्यपट काढला आहे, आणि ‘रायगडाला जेव्हां जाग येते’ या नाटकांत संभाजी म्हणून गाजलेले डॉ. काशिनाथ घाणेकर त्यांत आहेत, हें कळल्यावर अक्काच्या मैत्रिणींना दुसरा विषय सुचेनासा झाला. नाना चित्रपटांच्या विरुद्ध नव्हते. ‘असले प्रकार लहान मुलांनीं पाहूं नयेत’ एवढाच निकाल त्यांनीं दिला. आणि अक्का गेली, मी घरीं राहिलों.

संध्याकाळीं ती परत आली ती कांहीं न बोलतां. पाय धुऊन ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं बसली आणि भिंतीवर हलणाऱ्या आपल्याच सावलीकडे पाहत राहिली. मीं विचारलें, “शेवटीं काय झालें?”

“शेवट झाला,” ती म्हणाली.

त्यानंतरचे आठ दिवस मीं साम, दाम, दंड हे सर्व उपाय योजून पाहिले. खाऊचे पैसे देऊं केले. गोट्यांची पिशवी तिच्यापुढें ठेवली. अखेर, उशीखालीं लपविलेलीं बाबूराव अर्नाळकरांचीं पुस्तकें नानांना दाखवीन, अशी धमकीहि दिली. यावर अक्का शांतपणें म्हणाली, “खुशाल दाखव. नाना आज रागावतील आणि उद्यां विसरतील. पण मीं तुला शेवट सांगितला, तर तूं तो जन्मांत विसरणार नाहींस. मग पुढें पाहशील तेव्हां तुझ्याजवळ काय उरेल?”

पुढें वाचनाचा नाद लागल्यावर मला कळलें, कीं अक्का नकळत एका मोठ्या संप्रदायांत दाखल झालेली होती. लंडनमध्यें १९५२ सालीं सुरू झालेल्या अॅगाथा ख्रिस्तीच्या ‘माउसट्रॅप’ नाटकांत, प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना खुनी कोण तें बाहेर न सांगण्याची विनंती करण्याची प्रथा पडली. १९५५ च्या ‘दियाबोलिक’ या फ्रेंच चित्रपटाच्या शेवटीं तशी सूचनाच पडद्यावर येते. हिचकॉकनें १९६० सालीं ‘सायको’ काढला, तेव्हां खेळ सुरू झाल्यावर कोणालाहि आंत सोडूं नये असा दंडक घातला. या मंडळींना आपल्या धंद्याची काळजी होती, हें खरें. अक्काचा कांहींच धंदा नव्हता. तिला काळजी होती ती एका हट्टी भावाच्या पुढें कधीं तरी येणाऱ्या संध्याकाळची.

ती संध्याकाळ मात्र येईना. ‘पाठलाग’ त्या वर्षीं राष्ट्रीय पुरस्कारांत मराठी चित्रपट म्हणून गौरविला गेला. १९६५ मध्यें तो तामिळमध्यें ‘इदय कमलम्’ होऊन गेला, आणि १९६६ मध्यें राज खोसला यांनीं त्याचा हिंदींत ‘मेरा साया’ केला. साधनेच्या झुमक्यानें सगळा देश वेडा झाला असतां मी मात्र कानांवर हात ठेवून हिंडत होतों. कारण मूळ चित्रपट पाहण्याआधीं त्याची सावली पाहावयाची नाहीं, असा माझा पण होता. प्रथम योग आला नाहीं म्हणून राहिलें. पुढें राहिलें आहे म्हणून राहिलें. कित्येक हट्ट असेच वयानें वाढत जाऊन तत्त्वाच्या पदवीला पोंचतात. गदिमांचीं गीतें, दत्ता डावजेकरांच्या चाली, आशाबाईंचा तो लांबून येणारा, अंगावर कांटा आणणारा स्वर, हें सर्व मीं आकाशवाणीवर शेंकडों वेळां ऐकलें. तें गाणें कोण गातें आहे आणि कां, तेवढें मला ठाऊक नव्हतें.

गेल्या श्रावणांत एक दिवस अक्का माझ्याकडे राहावयास आली होती. घरची मंडळी लग्नाला गेलेलीं. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. आमच्या नातवानें जाण्यापूर्वीं घरांतल्या पडद्यावर ‘पाठलाग’ लावण्याची किल्ली मला दोनदां समजावून दिली होती. अक्का आतां ऐंशीच्या घरांत आहे. ती आरामखुर्चींत शाल पांघरून बसली आणि म्हणाली, “लाव आतां. मी आहें तोंवर पाहा. नाहीं तर कसा वाटला, हें सांगणार कोणाला?”

कथानकाचा आरंभ सांगण्यास हरकत नाहीं. तो जाहिरातींतूनहि सांगितला जात असे. कायद्याच्या व्यवसायांतल्या एका गृहस्थाची प्रिय पत्नी मरण पावते. तो शोकांत बुडालेला असतांच पोलीस एका गुन्हेगार स्त्रीला पकडतात. ती हुबेहूब त्या पत्नीसारखी दिसते, आणि ‘मीच याची पत्नी आहें’ असें शपथेवर सांगते. पत्नीला तर त्यानें डोळ्यांदेखत गमावलेलें असतें. मग ही कोण? न्यायालयांत ती बोलूं लागते. नवराबायकोंवांचून तिसऱ्याला ठाऊक नसाव्यात अशा गोष्टी सांगूं लागते. आणि नवरा ऐकत राहतो. दोन्ही भूमिका भावना या अभिनेत्रीनें केल्या आहेत. चित्रपट कृष्णधवल आहे, आणि असल्या कथेला तोच वर्ण शोभतो. ज्या कथेंत काळें कोणतें आणि पांढरें कोणतें हेंच कळत नाहीं, तिला इतर रंग हवेत कशाला?

हिचकॉकनें १९६२ मध्यें फ्रान्स्वा त्रुफो याच्याशीं दीर्घ संभाषण केलें. त्यांतला एक दाखला प्रसिद्ध आहे. दोन माणसें मेजाशीं गप्पा मारीत बसलीं आहेत आणि मेजाखालीं बाँब आहे. प्रेक्षकाला तो ठाऊक नसेल, तर स्फोट झाल्यावर पंधरा सेकंदांचा धक्का. ठाऊक असेल, तर पंधरा मिनिटांची घालमेल. हा भेद आपल्याकडे कालिदासाला पुरा अवगत होता. शाकुंतलाच्या पांचव्या अंकांत शकुंतला दरबारांत उभी राहते. तिची अंगठी गळून गेली आहे आणि राजाची स्मृति शापानें झांकली आहे, हें राजाखेरीज बहुतेक सर्व प्रेक्षकांना माहीत असतें. ती बोटाला हात लावते, तेव्हां आपल्याच काळजांत धस्स होतें. ‘पाठलागां’त मात्र प्रेक्षक दुर्वासाच्या शापाखालीं बसलेला असतो. त्याला राजाहून अधिक कांहींच ठाऊक नसतें. समोरची स्त्री ओळख सांगते आहे, आणि तिच्यावर विश्वास ठेवावा कीं नाहीं हें त्याचें त्यानेंच ठरवावयाचें असतें. म्हणून हा चित्रपट पाहतांना मनुष्य कथेची परीक्षा करीत नाहीं. त्याचीच परीक्षा होत असते.

हें मला तेव्हां कळलें नाहीं. मी मोठ्या हुशारीनें दुवे जुळवीत होतों. मध्यंतर आलें तेव्हां मीं चित्र थांबविलें, चहा ठेवला आणि परत येऊन निकाल दिला, “अक्का, ही बाई बनेल आहे.”

“कशावरून?”

“अग, एकीकडे डोळ्यांसमोर झालेला मृत्यु आहे. दुसरीकडे हिचा नुसता शब्द. शब्दावर कोण विश्वास ठेवील? पुरावा कोठें आहे?”

अक्कानें बशींत चहा ओतला. जरा निवूं दिला. मग म्हणाली, “नानांनींहि हेंच विचारलें होतें.”

मी चपापलों. त्या गोष्टीविषयीं आमच्या घरांत पंचावन्न वर्षें कोणी बोललेलें नव्हतें.

अक्काचें लग्न १९६८ मध्यें झालें. स्थळ घाटाखालचें, घरंदाज. वर्ष भरतें न भरतें तोंच ती एका सकाळीं एकटी, हातांत एक कापडी पिशवी घेऊन दारांत उभी राहिली. तिथें आपल्याला मारतात, असें तिनें आईला सांगितलें; आईनें नानांना सांगितलें. त्या रात्रीं नानांनीं तिला समोर बसविलें. ते कचेरींत नोकरीला होते. कागदावांचून त्यांचें पान हलत नसे. आवाज न चढवितां, अगदीं न्यायानें, ते एकेक प्रश्न विचारीत होते. कोणाचें पत्र आहे? शेजाऱ्यांपैकीं कोणीं पाहिलें आहे? कोणी सांगावयास येईल? ‘नाहीं,’ ‘नाहीं,’ ‘नाहीं’ अशीं अक्काचीं उत्तरें मला आंतल्या खोलींत ऐकूं येत होतीं. मी पंधरा वर्षांचा होतों आणि भूमितीचें पुस्तक उघडून बसलों होतों. पक्ष, साध्य, सिद्धता. तिसऱ्या दिवशीं नानांनीं स्वतः तिला एस. टी. नें सासरीं पोंचतें केलें.

१९७१ मध्यें ती पुन्हां आली ती ट्रंक घेऊनच. त्या वेळीं दार आईनें उघडलें, आणि नानांनीं कांहीं विचारण्यापूर्वींच तिनें ट्रंक ओढून आंत घेतली. पुढें अक्कानें शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा केला, तीस वर्षें मुलींना गणित शिकविलें, आणि नानांचें शेवटचें आजारपणहि तिनेंच काढलें. त्या तीन दिवसांचा उल्लेख मात्र तिनें त्यांच्याजवळ कधीं केला नाहीं. त्यांनींहि केला नाहीं.

“नानांना तुझें खोटें वाटलें,” मी आतां म्हणालों. त्यांत समजूत घालण्याचा दुबळा प्रयत्न होता.

“छे,” अक्का म्हणाली. “त्यांना खरेंच वाटलें होतें. त्या रात्रीं ते माझ्या उशाशीं येऊन उभे राहिले. मी झोपलें आहें असें त्यांना वाटलें. कितीतरी वेळ डोक्यावरून हात फिरवीत होते. ज्याला खोटें वाटतें, तो असा येत नाहीं, बंडू. पुरावा त्यांना स्वतःला नको होता. तो लोकांना दाखवायला हवा होता.”

मला एकदम आठवलें, कीं महाभारतांतल्या मूळ शकुंतलोपाख्यानांत अंगठीहि नाहीं आणि शापहि नाहीं. तेथला दुष्यंत विसरलेला नसतो. तो भरसभेंत तिला ओळखतो, आणि ओळखत नाहीं म्हणतो. आकाशवाणी झाल्यावर तो सांगतो, कीं मला सर्व ठाऊक होतें. परंतु हिच्या नुसत्या शब्दावरून मुलाचा स्वीकार केला असता, तर लोकांनीं शंका घेतली असती. कालिदासानें दया येऊन राजाला शापाची सबब दिली. व्यासांनीं सबब दिलेली नाहीं. शाळेंत शिकलों तेव्हां मला कालिदासाची कथा अधिक सुंदर वाटली होती. आज बहिणीसमोर बसलों असतां व्यासांची अधिक खरी वाटली.

आणि नानांच्या विषयीं हा न्यायनिवाडा मनांत चालला असतांच मला माझी स्वतःची गोष्ट टाळतां येईना. त्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं अक्का बंबांतलें पाणी काढीत होती. बादली उचलतांना तिच्या बांगड्या मागें सरकल्या. मनगटाच्या वर, कोपराच्या खालीं, एक डाग होता; उलथन्याच्या पात्याएवढा, कडा काळवंडलेल्या, मधें लाल. मीं तो पाहिला. तिनें पदर ओढून घेतला. मी तसाच दप्तर घेऊन शाळेंत निघून गेलों. आदल्या रात्रीं नाना जो पुरावा मागत होते तो मला सांपडला होता, आणि अजून दोन दिवस हातांत होते. नाटकांतल्या कोळ्याला माशाच्या पोटांत अंगठी मिळाली, तर तो ती विकावयास तरी निघाला. मीं ती मुकाट्यानें पुन्हां पाण्यांत टाकली. कां टाकली, हें मला आजहि नीट सांगतां येत नाहीं. नानांची भीति होती. घरांत गोंधळ होईल अशी भीति होती. आणि, लिहावयास लाज वाटते, पुढच्या आठवड्यांत सहामाही परीक्षा होती.

“लाव पुढें,” अक्का म्हणाली. “चहा झाला माझा.”

चित्रपटाचा उत्तरार्ध मीं कसा पाहिला तें सांगणें कठीण आहे. पडद्यावरची ती स्त्री तीच, न्यायालय तेंच. पण मी दुवे जुळविण्याचें सोडून दिलें होतें. ती बोलूं लागली म्हणजे मी तिच्या शब्दांतली विसंगति शोधीत नव्हतों. ती बोलतांना ऐकणारांचीं तोंडें कशीं दिसतात तें पाहत होतों. तिचें म्हणणें खरें ठरो वा खोटें ठरो. ती खरी असेल तर तिच्यावर हें काय चाललें आहे, एवढाच विचार मनांत येत होता. आणि हा विचार मला पूर्वार्धांत एकदांहि शिवला नव्हता. एरवीं ऐकलेलें तें गाणें पुन्हां आलें, तेव्हां अक्कानें डोळे मिटून घेतले होते. शेवट आला. मीं मध्यंतरांत बांधलेला तर्क कितपत टिकला, हें विचारूं नका. साठ वर्षें राखलेलें रहस्य तेवढ्या मोलाचें निघालें कीं नाहीं, या प्रश्नाला मात्र ‘होय’ असें उत्तर मी निःशंकपणें देईन.

पडदा काळा झाला. पाऊस थांबला होता; पन्हाळींतून राहिलेलें पाणी ठिबकत होतें. मी म्हणालों, “अक्का, तुझ्या हातावरचा डाग मीं तेव्हां पाहिला होता.”

हें वाक्य मीं पंचावन्न वर्षांत कितीदां तरी मनांत जुळविलें होतें. म्हणतांना तें फारच लहान निघालें.

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “तूं पाहिलेंस तें मीं पाहिलें होतें.”

“मग त्याच दिवशीं कां नाहीं बोललीस? ‘बंडूनें पाहिलें आहे’ एवढें म्हणतीस तरी पुरे होतें. पत्र नव्हतें, शेजारी नव्हते. पण साक्षीदार घरांतच होता.”

अक्का शालीची घडी घालूं लागली. घडी नीट बसेना म्हणून तिनें ती मोडून पुन्हां घातली. “म्हटलें असतें तर नानांनीं तुला हांक मारून समोर उभें केलें असतें. तूं ‘हो’ म्हणाला असतास, तर पोराची साक्ष म्हणून लोकांनीं ती सोडून दिली असती. आणि तूं ‘नाहीं’ म्हणाला असतास तर? तेव्हां मला तुझी खात्री वाटेना. सासर तर गेलेलेंच होतें. भाऊहि गेला असता. म्हणून मीं विचारलेंच नाहीं. तो शेवट मला पाहावयाचा नव्हता.”

मी कांहीं बोललों नाहीं. त्या दिवशीं मला हांक मारली असती तर मीं काय उत्तर दिलें असतें, हें मला ठाऊक नाहीं. एका रहस्याचा उलगडा मला त्या संध्याकाळीं झाला. हें दुसरें, माझें स्वतःचें, उलगडण्याची वेळ १९६९ मध्येंच टळून गेली आहे. अक्कानें मला त्यांतून वाचविलें असें म्हणावें, कीं खरें ठरण्याची माझी एकच संधि तिनें काढून घेतली असें म्हणावें? पुष्कळ विचार करूनहि मी निर्णयाला आलों नाहीं. एवढें मात्र खरें, कीं हातीं कागद नसतां मला ओळखण्याचा प्रसंग तिच्यावर आला. आणि ती चुकली होती असें म्हणावयास माझ्यापाशीं कसलाहि पुरावा नाहीं.

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं मीं अक्काला वाचून दाखविला. तिचें काय म्हणणें पडतें या धास्तीनें मी तिच्या तोंडाकडे पाहत होतों. तिनें सगळें ऐकून घेतलें. बंबाच्या जागीं चूल लिहिली असती तर चुकलें असतें, पण बरोबर आहे, म्हणाली; एस. टी. चें तिकीट नानांनीं नव्हे तर तिनें काढलें होतें, हें सांगितलें, आणि मग म्हणाली, “दे छापायला. पण ‘पाठलागा’चा शेवट कोठें लिहिला नाहींस ना?”

तो मीं लिहिलेला नाहीं.